दोन भाषा, एक मेंदू : नामपल्लीच्या बाजारातून उलगडणारे मानसशास्त्र

बारावीनंतर मानसशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर पहिल्याच वर्षी ‘बोधनिक’ आणि ‘जैविक’ अशी दोन भारदस्त विशेषणे येऊन उभी राहतात. त्यांचा अर्थ समजून घ्यायचा तर हैदराबादेत बहुभाषिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास चांगला वाटाड्या ठरतो. घराघरांत दोन-तीन भाषा नांदणाऱ्या गोव्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

हैदराबादच्या नामपल्ली भागात भाषांची गर्दी माणसांच्या गर्दीइतकीच दाट आहे. रेल्वे स्थानकाबाहेरचा रिक्षाचालक प्रवाशाशी दखनीत बोलतो, शेजारच्या दुकानदाराशी तेलुगूत आणि भाड्याचा आकडा अनेकदा इंग्रजीत सांगतो. सार्वजनिक उद्यानालगत तेलुगू विद्यापीठाची वास्तू आहे, जवळच युसुफैन दर्गा आहे आणि निजामाच्या राज्यात मराठवाडा सामील असल्यापासून या शहरात मराठी कुटुंबेही वसलेली आहेत. मराठी माणसाला दखनी ऐकताना ‘नक्को’ हा शब्द आणि ‘वोइच’मधला ठासून उच्चारलेला ‘च’ परका वाटत नाही. ते मराठीच्या शेजाराचे देणे आहे.

एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना भाषा बदलणाऱ्या या माणसाच्या डोक्यात नेमके काय चालते? चुकीच्या माणसाशी चुकीची भाषा तो सहसा का बोलत नाही? आणि आयुष्यभर केलेल्या या कसरतीचा वृद्धपणी काही उपयोग होतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बोधनिक मानसशास्त्र शोधते. तिसऱ्यासाठी जैविक मानसशास्त्राची साथ घ्यावी लागते.

एकाच मनाच्या दोन वाटा

प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ साधारणपणे १८७९ सालापासून मोजतात. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली. भारतात १९१६च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, वर्तनवादाचा प्रभाव होता. मन डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा केवळ दिसणारे वर्तन मोजावे, अशी त्या पंथाची भूमिका होती. पुढे संगणक आला, माहितीवर प्रक्रिया करणारे यंत्र कसे असते हे दिसले आणि मनाच्या आतील व्यवहारांविषयी पुन्हा शास्त्रीय भाषेत बोलणे शक्य झाले.

या वळणावर बोधनिक मानसशास्त्राचा जन्म झाला. अवधान, संवेदन, स्मृती, भाषा, विचार आणि निर्णय हे त्याचे विषय आहेत. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी एका गाजलेल्या निबंधात सांगितले की, माणूस एका वेळी सुमारे सात घटक, दोन कमी किंवा दोन अधिक, मनात धरू शकतो. पुढील संशोधनाने ही मर्यादा चारच्या आसपास आणली. दहा आकडी भ्रमणध्वनी क्रमांक आपण तुकडे पाडून लक्षात ठेवतो, त्याचे कारण या मर्यादेत आहे.

जैविक मानसशास्त्र याच व्यवहारांचा शारीरिक पाया शोधते. कोणता विचार कोणत्या चेतापेशींच्या जाळ्यातून जातो, कोणते रसायन भावनेला उधाण आणते, मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की कोणती क्षमता हरवते, हे त्याचे प्रश्न. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे दोन वेगळे पेपर वाटतात. प्रत्यक्षात एकाच घराकडे दोन दारांतून पाहावे तसा हा प्रकार आहे.

नुमाइशच्या गर्दीतले अवधान

१९३८ साली सुरू झालेले ‘नुमाइश’ हे औद्योगिक प्रदर्शन दरवर्षी १ जानेवारीपासून नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर भरते. ध्वनिक्षेपकावरील सूचना, विक्रेत्यांच्या आरोळ्या आणि पाळण्यांवरचा गलका अशा कोलाहलातही बरोबरच्या व्यक्तीचे बोलणे आपल्याला समजते. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली याच कोड्यावर प्रयोग केले. दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवून त्यांनी श्रोत्यांना त्यांपैकी एकच मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानातील आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, एवढे श्रोत्यांना सांगता येत असे. त्या आवाजाने काय सांगितले, हे मात्र जवळजवळ सांगता येत नसे. काही वर्षांनी नेव्हिल मोरे यांच्या प्रयोगात असे आढळले की, दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू येते. अवधान ही चाळणी आहे. पण महत्त्वाचे काही आल्यास ते आत सोडण्याची सोयही तिच्यात असते.

भाषेच्या बाबतीत ही चाळणी आणखी कसोटीला लागते. दोन भाषा जाणणारा माणूस एका भाषेत बोलत असताना त्याच्या मनात दुसरी भाषा झोपलेली नसते, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे. ‘पाणी’ म्हणताना कोकणीतला ‘उदक’ आणि इंग्रजीतला ‘वॉटर’ हेही काही प्रमाणात जागे होतात. हवा तो शब्द निवडण्यासाठी नको ते शब्द दाबून ठेवावे लागतात. या दाबून ठेवण्याला निरोधन म्हणतात.

निरोधनाचा अनुभव घरबसल्या घेता येतो. एका कागदावर ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने, ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईने आणि ‘पिवळा’ हा शब्द हिरव्या शाईने लिहावा. असे वीस शब्द झाले की शब्द न वाचता केवळ शाईचे रंग भरभर सांगण्याचा प्रयत्न करावा. जीभ अडखळते, कारण वाचनाची सवय रंगाच्या आधी धावत येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली ही चाचणी प्रसिद्ध केली. आजही पदवीच्या प्रात्यक्षिकांत ती हमखास असते.

दीड किलोहूनही हलके यंत्र

हे सारे ज्या अवयवात घडते, त्याचे वजन प्रौढ माणसात साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या स्थितीत शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. चेतापेशीच्या आत संदेश विद्युत रूपात धावतो. दोन पेशींमधील सूक्ष्म फट तो बहुधा रसायनांच्या मदतीने ओलांडतो. या फटीच्या जागेला चेतासंधी म्हणतात. शिकणे, विसरणे, सवय लागणे यांचा शारीरिक मागोवा मुख्यतः या संधींच्या बळकट किंवा दुबळ्या होण्यात घेतला जातो.

मेंदूचा कोणता भाग काय करतो, याचे पहिले धडे मिळाले ते रुग्णांकडून. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ‘तां’ या एका ध्वनीखेरीज जवळजवळ काहीच बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले. त्याच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाला इजा झालेली होती. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी डाव्या बाजूचाच, पण मागे असलेला भाग बिघडल्यास उच्चार अस्खलित राहूनही अर्थ हरवतो, हे दाखवले. दोघांच्या नावांनी ओळखली जाणारी ही क्षेत्रे आजही पहिल्या वर्षाच्या आकृत्यांत असतात. मात्र भाषा दोन ठिपक्यांत मावत नाही, ती विस्तीर्ण जाळ्यातून घडते, हे आता स्पष्ट झाले आहे.

स्मृतीच्या बाबतीत हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाने शास्त्राला सर्वाधिक शिकवले. अपस्माराच्या तीव्र झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्ती गेली. नुकतीच भेटलेली व्यक्ती तो काही मिनिटांत विसरे. तरीही कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केले होते, याची त्याला आठवण मात्र नसे. स्मृती एक नाही, तिचे प्रकार आहेत आणि त्यांच्या मेंदूतील वाटाही वेगळ्या आहेत, हे यातून सिद्ध झाले. २००८ साली मोलेसनचे निधन झाले.

बहुभाषिक रुग्णांनी तर आणखी एक कोडे घातले. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाची कोणती भाषा आधी परतते? बालपणी शिकलेली, असे फ्रेंच विचारवंत रीबो यांचे मत होते. आजारापूर्वी जी सर्वाधिक वापरात होती ती, असे त्यांचेच देशबांधव पीत्र म्हणत. दोन्ही नियमांना आधार देणारे रुग्ण सापडतात आणि दोन्ही मोडणारेही सापडतात.

हैदराबादने काय दाखवले?

नामपल्लीपासून काही किलोमीटरवर, पंजागुट्टा येथे निजाम आयुर्विज्ञान संस्था म्हणजे ‘निम्स’ हे रुग्णालय आहे. तेथील चेतारोगतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरा विद्यापीठाचे थॉमस बाक यांच्यासह स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. हा अभ्यास २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या ६४८ रुग्णांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. तेलुगू, दखनी, हिंदी आणि इंग्रजी या त्यांच्या मुख्य भाषा होत्या. एकभाषिकांत आजाराची लक्षणे सरासरी ६१.१ व्या वर्षी सुरू झाली होती, तर द्विभाषिकांत ६५.६ व्या वर्षी. म्हणजे साडेचार वर्षांचा फरक. केवळ अल्झायमर्समध्येच असा फरक होता असे नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी निगडित स्मृतिभ्रंशात आणि पुढील खंडांना ग्रासणाऱ्या प्रकारातही तो आढळला. दोनपेक्षा अधिक भाषा येत असल्याचा वेगळा लाभ मात्र दिसला नाही.

या अभ्यासाचे महत्त्व समजायचे तर त्याआधीचे संशोधन पाहावे लागते. २००७ साली एलेन बियालिस्टॉक यांच्या गटाने टोरांटोतील १८४ रुग्णांच्या नोंदींतून सुमारे चार वर्षांचा असाच फरक दाखवला होता. त्यावर आक्षेप आला. तेथील द्विभाषिकांत स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. परदेशी जाऊन स्थिरावणारी माणसे मुळातच अधिक धडधाकट असतील, तर फरकाचे श्रेय भाषेला कसे द्यायचे? हैदराबादेत ही अडचण नव्हती. तेथे दुसरी भाषा शिकायला कोणी देश सोडत नाही; ती गल्लीत, बाजारात, शेजारघरी मिळते.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा होता. द्विभाषिक माणूस अधिक शिकलेला असण्याची शक्यता असते आणि शिक्षणाचाही मेंदूला लाभ होतो. निम्सच्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के निरक्षर होते. त्यांच्यापुरते पाहिले तरी द्विभाषिकांमध्ये लक्षणे सुमारे सहा वर्षे उशिरा आली होती. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, पण बाजारात दोन भाषांतून व्यवहार केला, अशा माणसाच्या मेंदूतही काही घडत असावे, असा त्याचा अर्थ निघतो. शिक्षण, लिंग, व्यवसाय, शहरी किंवा ग्रामीण वास्तव्य हे घटक हिशेबात धरल्यावरही फरक कायम राहिला.

याच संस्थेतील पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांवरील अभ्यास २०१६ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आला. पक्षाघातानंतरही बोधनिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र दोन गटांत फरक आढळला नाही. म्हणजे लाभ निव्वळ भाषेपुरता नव्हता. अवधान आणि नियोजन यांसारख्या क्षमतांशी त्याचा संबंध असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

राखीव गंगाजळी

असे का व्हावे, याचे एक स्पष्टीकरण ‘बोधनिक राखीव क्षमता’ या कल्पनेत आहे. अमेरिकी चेतामानसशास्त्रज्ञ याकोव्ह स्टर्न यांनी ती विस्ताराने मांडली. मेंदूत सारख्याच प्रमाणात झीज झालेली दोन माणसे घेतली, तर एक जण दैनंदिन व्यवहार सांभाळत असतो आणि दुसरा घराचा पत्ताही विसरलेला असतो. पहिल्याकडे पर्यायी वाटा अधिक असतात. नेहमीचा रस्ता खचला तरी तो आडवाटेने मुक्कामी पोहोचतो. शिक्षण, बौद्धिक कष्टाचे काम, सामाजिक वावर आणि बहुधा अनेक भाषांचा वापर यांतून अशी गंगाजळी साठत जाते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. ही राखीव क्षमता आजार थांबवत नाही, तर त्याची लक्षणे उघड होण्याची वेळ पुढे ढकलते. आजाराची झीज आत चालूच असते. तरीही चार-साडेचार वर्षे म्हणजे वृद्धाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने थोडाथोडका काळ नाही. नातवंडांची नावे आठवणे, स्वतःच्या हाताने औषध घेणे, बँकेचे व्यवहार स्वतः पाहणे या गोष्टी त्या काळात शक्य राहतात.

शास्त्राला शंका हवीच

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकायची सर्वांत मोलाची गोष्ट या टप्प्यावर येते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे म्हणता येत नाही. निम्सचा अभ्यास आधीच आजारी पडून रुग्णालयात आलेल्यांचा होता. जे आलेच नाहीत, त्यांच्याविषयी तो काही सांगत नाही. लक्षणे कधी सुरू झाली, हे कुटुंबीयांच्या आठवणीवरून ठरवावे लागते आणि आठवण चुकू शकते.

याहून भक्कम पद्धत म्हणजे निरोगी ज्येष्ठांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे आणि कोणाला आजार होतो ते पाहणे. २०१७ साली लंडनमधील संशोधकांनी अशा पाठपुराव्याच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात द्विभाषिकतेमुळे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होतो, असे आढळले नाही. आजार होणे आणि आजाराची लक्षणे उशिरा दिसणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर आहे. वाद मिटलेला नाही. त्यामुळे ‘नवी भाषा शिका, स्मृतिभ्रंश टाळा’ अशी हमी कोणी देऊ लागल्यास ती शास्त्राच्या नावाने केलेली जाहिरात समजावी.

गोव्याच्या अंगणात

गोव्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. कांदोळीत ३१ मे १७५६ रोजी जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. संमोहित करणाऱ्याच्या अंगी काही चुंबकीय शक्ती असते, ही त्या काळची समजूत त्यांनी नाकारली. ती निद्रा संमोहित होणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून, त्याच्या अपेक्षेतून आणि सूचनेला मिळणाऱ्या प्रतिसादातून येते, असे त्यांनी सांगितले. त्यांचा ग्रंथ १८१९ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच प्रसिद्ध झाला. पणजीतील जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा रोज हजारो जण पाहतात. बोधनिक मानसशास्त्राच्या एका पूर्वजाजवळून आपण जात आहोत, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

गोव्यात घरात कोकणी, वृत्तपत्रात आणि नाटकात मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी असा क्रम अनेकांच्या वाट्याला येतो. जुन्या पिढीत पोर्तुगीजही होती. मुलांवर भाषांचे ओझे पडते म्हणून घरातील एक भाषा बंद करावी, असा विचार आता काही पालक करतात. मुलाला दोन भाषांमुळे गोंधळ होतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. लहान मूल दोन भाषा मिसळते, तेव्हा बहुधा हाताशी असलेला शब्द वापरत असते. प्रत्येक भाषेतील त्याचा शब्दसंग्रह काही काळ थोडा कमी भासतो, पण दोन्ही मिळून मोजल्यास तो तोकडा नसतो. घरची भाषा सोडून देण्यासाठी मानसशास्त्राचा दाखला देता येणार नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीतही एक सूचना यातून मिळते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब अचानक न जमणे ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नयेत. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेसारख्या शासकीय संस्थांत तपासणीची सोय आहे. अनेक भाषा जाणणाऱ्या ज्येष्ठाची तपासणी त्याला सर्वांत सोयीच्या भाषेत व्हावी, याचा आग्रह कुटुंबीयांनी धरावा. इंग्रजीतल्या प्रश्नाला उत्तर न आल्यास दोष स्मृतीचा की भाषेचा, हे कळणे कठीण असते.

प्रवेश घेण्यापूर्वी

या विषयाकडे वळणाऱ्यांनी दोन गोष्टी ठाऊक करून घ्याव्यात. पहिली, पदवीच्या मानसशास्त्रात गप्पांपेक्षा आकडेमोड अधिक असते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रयोगाची रचना आणि अहवाललेखन यांना पर्याय नाही. कला शाखेतून आलेल्यांना मेंदूची रचना आणि चेतापेशींचे कार्य नव्याने शिकावे लागते. विज्ञान शाखेतून आलेल्यांना माणसाच्या उत्तरांतील अनिश्चिततेची सवय करून घ्यावी लागते.

दुसरी, केवळ पदवीने कोणी चिकित्सक होत नाही. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले उच्च शिक्षण आणि तिच्या नोंदवहीत नाव असणे आवश्यक आहे. शाळा, उद्योग, भाषा संशोधन, ज्येष्ठांची शुश्रूषा अशा इतर क्षेत्रांत मात्र पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या बळावर कामाच्या संधी आहेत.

हैदराबादच्या संशोधकांना आपला प्रश्न शोधायला परदेशी जावे लागले नाही. आपल्या रुग्णालयात येणाऱ्यांना किती भाषा येतात, याची काटेकोर नोंद त्यांनी ठेवली आणि तिच्यातून जगाने दखल घ्यावी असे काम उभे राहिले. कोकणी, मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी बोलणारे ज्येष्ठ गोव्यात अजून आहेत. त्यांचा असा अभ्यास उद्याच्या विद्यार्थ्याला करता येईल. मात्र पोर्तुगीज बोलणारी पिढी वयाने पुढे गेली आहे, तेव्हा त्याला फार उशीर होऊन चालणार नाही.